घरात झुरळांची फवारणी ठरली आहे, कॉम्प्युटरचं काय करू? (सांगली)

निळीशाई | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते. घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. मधल्या खोलीत टेबल आहे, त्याला लागूनच स्वयंपाकघर. वाडा जुना, भिंतींना फटी, वर लाकडी माळा. झुरळं अधूनमधून दिसायचीच, पण गेल्या महिन्यापासून बारकी, फिकट तपकिरी रंगाची दिसायला लागली. परवा प्रिंट लावली तर कागदाबरोबर एक बाहेर आलं. कीबोर्ड उपडा करून झटकला तर दोन पडली.

येत्या गुरुवारी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंय. फोनवर ते म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरवर काहीतरी टाका, बाकी आमचं आम्ही बघतो." हे "काहीतरी" म्हणजे काय ते मला नीट समजून घ्यायचंय, कारण एकदा नुकसान सोसलंय. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे झुरळ दिसलं म्हणून मी स्प्रेचा डबा घेऊन मागच्या जाळीवरच मारला. मशीन चालू होतं. तेव्हा काहीच झालं नाही. पण महिन्याभरात पंखा घरघरायला लागला आणि मशीन मधेच बंद पडू लागलं. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, आत सगळीकडे काळा चिकट थर. ऐन लग्नसराईत चार दिवस काम बंद राहिलं आणि एका मुलीच्या पत्रिका साखरपुडा झाल्यावर पोचल्या. ते अजून मनाला लागून आहे.

अकरा वर्षांच्या फाइली या एका मशीनमध्ये आहेत. यूपीएस, प्रिंटर, वायफायचा डबा, मुलाचा लॅपटॉप, सगळं त्याच खोलीत. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

---

चारभिंती | सोमवार, रात्री १०:४०

आम्ही साताऱ्यात दर वर्षी फवारणी करून घेतो. जुनी चादर टाकायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या. आजवर काही बिघडलं नाही. एवढी काळजी करू नका.

---

सोल्डर_मिरज | सोमवार, रात्री ११:२५

चादर टाकताना मशीन बंद असेल तर चारभिंती म्हणतात ते बरोबर आहे. चालू मशीनवर चादर टाकून फवारणी केलेली तीन मशीनं मी याच वर्षी दुरुस्त केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या मशीनला औषधाने मारलं नाही, पंख्याने मारलं. चालू कॅबिनेट म्हणजे सतत हवा ओढणारं यंत्र. पुढून आणि खालून हवा आत घेतं, मागून बाहेर टाकतं. एसएमपीएसचा, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा वेगळा, प्रोसेसरचा वेगळा. खोलीत जे तरंगत असेल ते आत जाणारच. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रेंमध्ये प्रत्यक्ष विष अगदी थोडं असतं. बाकीचं गंध काढलेलं रॉकेल आणि ते बाहेर ढकलणारा गॅस. रॉकेलाचा पातळ तेलकट थर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांवर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि थोड्या दिवसांत तिथे अक्षरशः नमदा तयार होतो. मग हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, पंखा आणखी जोरात फिरतो, आणखी धूळ ओढतो. म्हणून बिघाड त्या दिवशी दिसत नाही, तीन-चार आठवड्यांनी दिसतो, आणि लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही.

पेस्ट कंट्रोलवाले मात्र बहुतेक पाण्यात कालवलेलं औषध हातपंपाने मारतात. तिथे धोका वेगळा. रॉकेलातून वीज वाहत नाही, पण नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वाहते. थेंब मदरबोर्डवर पडला आणि वीज चालू असली तर शॉर्ट. वीज बंद असेल आणि थेंब पूर्ण वाळला तर बहुतेक वेळा मशीन वाचतं. मागे राहिलेला क्षार मात्र दमट हवेत हळूहळू तांबं खातो.

गुरुवारी सकाळी मशीन रीतसर शटडाउन करा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, यूपीएस पुढे वीज देतच राहतो. यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मग त्याचा प्लग भिंतीतून काढा, मग कॅबिनेटची मागची वायर काढा. त्यानंतर कॅबिनेटचं पॉवर बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. अर्धा तास थंड होऊ द्या. गरम मशीनवर प्लॅस्टिक घातलं की आतली ऊब अडकते आणि आतल्या बाजूला पाणी सुटतं.

थंड झालं की आधी सुती चादर, तिच्यावर प्लॅस्टिक. आतलं सुती कापड दमटपणा शोषतं, वरचं प्लॅस्टिक थेंब अडवतं. नुसती चादर असली तर औषध झिरपून आत उतरतं. कॅबिनेट जमिनीवर असेल तर उचलून टेबलावर ठेवा, कारण फवारणी सगळी खालच्या कडेने होते. प्लॅस्टिकचं तोंड खालून गुंडाळून दोरीने बांधा.

आणि तो डब्यातला गॅस. तो बहुतेक वेळा आपल्या शेगडीतल्यासारखाच पेट घेणारा असतो. बंद खोलीत भरपूर स्प्रे मारून लगेच बोर्डाचं बटण दाबू नका. बटण दाबताना आत ठिणगी पडते.

---

निळीशाई | मंगळवार, सकाळी ७:०५

खूप खूप आभार. यूपीएसचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी नुसतं भिंतीवरचं बटण बंद करणार होते. तो यूपीएस, वायफायचा डबा आणि प्रिंटर, सगळ्यांवर एकच प्लॅस्टिक चालेल का? आणि लॅपटॉप?

---

सोल्डर_मिरज | मंगळवार, सकाळी ८:३०

जे उचलून नेता येतं ते झाकत बसू नका, दुसऱ्या खोलीत न्या. लॅपटॉप, वायफायचा डबा, पेनड्राइव्ह, फॉन्टचं डोंगल, माऊस, कीबोर्ड, सगळं. लॅपटॉप मिटून "स्लीप"मध्ये ठेवू नका, पूर्ण बंद करा. प्रिंटरच्या ट्रेमधले कागद काढून घ्या. कागद औषध शोषतो, आणि तो रबरी रोलरला लागला की पुढे पानं अडकायला लागतात. ट्रे मिटवा आणि प्रिंटर वेगळा झाका.

त्याआधी बुधवारी रात्री अकरा वर्षांच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क शेजाऱ्यांकडे किंवा माहेरी ठेवा. हे फवारणीसाठी सांगत नाही, एरवीसाठीही सांगतोय. एकाच मशीनमध्ये अकरा वर्षं ठेवलेली बघून मला रात्री झोप लागली नाही.

---

कुपवाड_नाका | मंगळवार, सकाळी ९:१०

पेस्ट कंट्रोलला दीड-दोन हजार कशाला घालवता? माझ्या मेव्हण्याची तासगावला बाग आहे. तिकडचं औषध पाव लिटर आणायचं, बादलीत टाकायचं आणि पंपाने मारायचं. झुरळं काय, पालीसुद्धा राहत नाहीत.

---

द्राक्षबाग | मंगळवार, दुपारी १:४८

मी तासगावचाच. बावीस वर्षं द्राक्षं करतोय, दर छाटणीनंतर फवारण्या करतो, म्हणून हात जोडून सांगतो, हे करू नका.

बागेतलं औषध उघड्या रानासाठी असतं. वारा असतो, ऊन असतं, फवारल्यावर किती दिवस बागेत जायचं नाही, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे सगळं ठरलेलं असतं. ते घरात मारलं की ऊन नाही, वारा नाही. भिंतीत मुरतं आणि महिनोन्‌महिने राहतं. ज्या द्रावणात ते विरघळवलेलं असतं त्याचाच वास इतका उग्र असतो की डोकं धरतं. त्याच द्रावणाने प्लॅस्टिकही मऊ पडतं. माझ्या ट्रॅक्टरच्या दिव्याची काच, म्हणजे ते प्लॅस्टिकच की, औषध सांडून पांढरी धूसर झालीय. तेच तुमच्या मॉनिटरच्या पडद्याला होईल.

पूर्वी आमच्या भागात घरात ढेकणांना डायक्लोरव्हॉस मारायचे, बाजारात त्याला नुवान म्हणायचे. सरकारने ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंदच केलं. अजून कुणाच्या तरी गोठ्यात, माळ्यावर जुनी बाटली असते. ती घरात उघडू नका.

डब्यावर एक तिरपा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल किंवा पिवळा दिसला तर ते घरात आणायचंच नाही. आणि लेबलवर घरगुती वापर असं लिहिलंय का ते वाचायचं. आम्ही शेतकरी लेबल वाचत नाही ही आमची चूक आहे, तिची किंमत आमच्यातल्या काहींनी मोजलीय. तुम्ही वाचा.

---

कुपवाड_नाका | मंगळवार, दुपारी २:३०

दादा, पटलं. मेव्हण्यालाही हे वाचायला दिलं. आमच्याकडे लहान पोरं आहेत, एवढा विचार केला नव्हता.

---

फवारणी_कराड | मंगळवार, सायंकाळी ६:२०

मी हेच काम करतो, कराड-सातारा पट्ट्यात, चौदा वर्षं. कॉम्प्युटर झाकण्याबद्दल मिरजेच्या दादांनी लिहिलं त्यात भर घालायला फार नाही. पण ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं "बारकी, फिकट तपकिरी" हे वाचून मी लिहायला बसलो.

ही जर्मन झुरळं. मोरीतून, गटारातून येणारी मोठी लालसर झुरळं वेगळी. ही बारकी गटारात राहत नाहीत, माणसाच्या घरातच राहतात, आणि त्यांना ऊब, अंधार आणि चिंचोळी फट लागते. आता सांगा, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी कुठे मिळतात? कॅबिनेट, सेट-टॉप बॉक्स, मिक्सरचं बूड, फ्रिजची मोटर. तुमच्या प्रिंटरमधून झुरळ बाहेर आलं म्हणजे तिथे त्यांचं घर झालेलं आहे.

अशा खोलीत चारी बाजूंनी स्प्रे मारला तर काय होतं ते मी शेकडो घरांत पाहिलंय. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांनी, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरेंनी, झुरळं आधी चवताळतात आणि पळतात. जिथे औषध नाही तिथे पळतात. आणि तुमच्या खोलीत औषध नसलेली एकच जागा असणार, तुम्ही छान झाकून ठेवलेला कॉम्प्युटर. म्हणजे आपणच त्यांना आत लोटतो. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला घेऊन फिरते, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. त्या पिशवीत औषध शिरत नाही. मादी मेली तरी बऱ्याचदा पिल्लं बाहेर येतात.

म्हणून मधल्या खोलीत फवारणी करूच नका, जेल लावून घ्या. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के असलेलं जेल मिळतं. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके. टेबलाच्या खालच्या सांध्यात, ड्रॉवरच्या मागे, वायरी जिथून भिंतीत जातात तिथे, कपाटाच्या बिजागरीपाशी. कॅबिनेटच्या आत किंवा वर लावायचं नाही. उष्णतेने ते पातळ होऊन ओघळतं, शिवाय त्यांना तिथून बाहेर बोलवायचंय, आत नाही. झुरळ ते खातं, फटीत जाऊन मरतं, बाकीची त्याचं मेलेलं शरीर आणि विष्ठा खातात आणि त्यांच्यातही विष जातं. हे दोन दिवसांत दिसत नाही, आठ-पंधरा दिवस लागतात. धीर धरावा लागतो.

जेल लावलं त्या जागेवर पुढे कधी स्प्रे मारू नका. फिनेलनेही पुसू नका. वास आला की झुरळ त्याला तोंड लावत नाही आणि जेलचे पैसे वाया जातात. हे जवळपास प्रत्येक घरी होतं.

फवारणी हवीच असेल तर मोरी, संडास, गटाराची जाळी, मागचं अंगण इथे करून घ्या. आणि गुरुवारी जे येतील त्यांना दारातच स्पष्ट सांगा. आमच्या धंद्यातली काही मंडळी सगळीकडे एकच पंप फिरवतात, कारण जेलला वेळ आणि हात दोन्ही लागतात. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी करायला सांगा, तोवर उरलेली अंडी फुटलेली असतात.

---

खणभाग_रोज | मंगळवार, रात्री ९:००

जेल महाग पडतं आणि सावकाश काम करतं. आमच्याकडे दहा वर्षं स्प्रेच चालतो, मशीन व्यवस्थित आहे.

---

फवारणी_कराड | मंगळवार, रात्री ९:३५

मोठ्या लाल झुरळांना स्प्रे चांगला चालतो, त्यात वाद नाही. बारक्यांना नाही. आणि दहा वर्षं स्प्रे मारावा लागतोय यावरून ती गेलेली नाहीत हे दिसतंच ना, दादा.

घरच्या घरी स्वस्तात करायचं असेल तर बोरिक पावडर, कणीक, साखर आणि थोडं दूध यांच्या गोळ्या करून फटीत ठेवा. आमच्या आजीच्या काळापासून चालत आलंय आणि काम करतं. लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. नुसती कोरडी पावडर कॉम्प्युटरजवळ भुरभुरू नका, पंखा ती आत ओढतो.

---

आयर्विनकाठ | मंगळवार, रात्री १०:१५

निळीशाई ताई, मी तुमच्याच भागातली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. कॉम्प्युटर आम्ही वर नेला, तो पाण्यापासून वाचला. पाणी ओसरल्यावर मात्र खालचं सगळं घर ब्लीचिंग पावडरने धुतलं आणि त्याच दिवशी मशीन खाली आणून मांडलं. दोन महिन्यांनी यूएसबीच्या खाचा हिरव्या पडल्या, रॅम निसटल्यासारखी वागायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, क्लोरीनची वाफ तांब्याला खाते.

कीटकनाशकाशी याचा थेट संबंध नाही. पण आपल्याकडे पुरानंतर ब्लीचिंग, धूरफवारणी, मग घरातली फवारणी असं एकामागून एक चालतं. तेव्हा कॉम्प्युटर वरच राहू द्या, फरशी पूर्ण वाळून वास जाईपर्यंत. हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

महापालिकेची धुराची गाडी येते तेव्हा दारं-खिडक्या उघडी ठेवा म्हणतात, डासांसाठी ते योग्यच. पण त्या धुरात डिझेल असतं. गाडीचा आवाज आला की मी आधी मशीन बंद करते, मग खिडकी उघडते.

---

शाहूपुरी_सातारा | बुधवार, सकाळी ६:५०

प्लॅस्टिकबद्दल एक सांगायचं राहिलंय. झाकलेलं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा. माझे वडील महाबळेश्वरला नोकरीला असताना त्यांनी फवारणीसाठी घातलेलं प्लॅस्टिक "धूळही बसणार नाही" म्हणून पावसाळाभर तसंच ठेवलं. सप्टेंबरात काढलं तर मदरबोर्डवर बुरशी. सांगलीची हवा तेवढी ओली नाही, पण पावसाळ्यात चार दिवससुद्धा पुष्कळ झाले. आणि काढताना वरची ओली बाजू आत दुमडत काढा, झटकू नका. चादर बाकी कपड्यांत टाकू नका, वेगळी धुवा.

---

बाळाची_आई_विटा | बुधवार, सकाळी १०:३०

सगळे मशीनबद्दल बोलताहेत, मी त्या मशीनला लागणाऱ्या हातांबद्दल बोलते. आमच्याकडे फवारणी झाल्यावर मी टेबल पुसलं, पण माऊस आणि कीबोर्ड राहिले. संध्याकाळी मुलाने ऑनलाइन वर्ग केला आणि त्याच हाताने चकल्या खाल्ल्या. रात्री ओठांभोवती, गालावर आग आग होऊ लागली, मुंग्या आल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध त्वचेला लागल्याने असं होतं, साबणाने भरपूर धुवा. सकाळपर्यंत उतरलं, पण ती रात्र मी उशाशी बसून काढली.

ताई, कीबोर्ड दुसऱ्या खोलीत नेणार असाल तर फारच छान. नेला तरी परत लावण्याआधी टेबल, खुर्चीचे हात, बोर्डाची बटणं साबणाच्या ओलसर फडक्याने पुसा. हातमोजे घाला. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना त्या दिवशी पाहुण्यांकडे पाठवा. मांजर असेल तर तिलाही, परमेथ्रिन मांजरांना फार बाधतं. माशांचं भांडं असेल तर बाहेर न्या, निदान हवेचा पंप बंद करून घट्ट झाका, कारण ही औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात.

---

सोल्डर_मिरज | बुधवार, सकाळी ११:१०

ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. पुसण्याबद्दल माझ्याकडून एवढंच, पडद्याला फक्त मऊ फडकं आणि साधं पाणी, तेही फडक्यावर घ्यायचं, पडद्यावर थेट फवारायचं नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यांच्यातलं काहीही नको, पडद्यावरचा थर निघून जातो. कीबोर्डच्या कळांना आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसलं तर चालतं.

---

वांगी_बोळ | बुधवार, दुपारी ३:१५

तातडीचं आहे. धागा आत्ता सापडला. आज सकाळी माझ्या भावाने मुंग्यांसाठी लॅपटॉपच्या कीबोर्डवर, चालू असतानाच, स्प्रे मारला. अजून चालू आहे. काय करू?

---

सोल्डर_मिरज | बुधवार, दुपारी ३:२२

आत्ता बंद करा. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. "चालतोय का बघू" म्हणून पुन्हा चालू करू नका, त्यातच सगळं जातं. उघडून तंबूसारखा उपडा ठेवा, पंख्याखाली, उन्हात नाही. कळांवरचं ओलं टिपून घ्या, चोळू नका. हेअर ड्रायर वापरू नका. उद्या दुपारपर्यंत तसाच राहू दे आणि मग चालू करण्याआधी कुणाकडून तरी तळ उघडून घ्या. ब्रश आणि आयसोप्रोपिलने पंखा पुसून घेतला की पुढचा त्रास वाचतो.

मुंग्या होत्या म्हणजे कळांखाली खाऊ सांडलेला आहे. तो साफ झाला की मुंग्या आपोआप जातील.

---

वांगी_बोळ | बुधवार, दुपारी ३:३०

बंद केला. मनापासून धन्यवाद. बिस्किटाचा चुरा खरंच आहे, कळांच्या फटींत दिसतोय.

---

निळीशाई | बुधवार, रात्री ९:४०

बॅकअप घेतला. दोन तास लागले. डिस्क आत्ता मावशीकडे विश्रामबागेत पोचली. सोल्डर दादा, आता तरी झोपा.

एक विचारायचं राहिलं. कॅबिनेटच्या आत जी झुरळं आधीच आहेत त्यांचं काय? जेलला बाहेर येतील का सगळी?

---

सोल्डर_मिरज | बुधवार, रात्री १०:०५

बरीचशी येतील, अंडी येणार नाहीत. कॅबिनेट अंगणात नेऊन उघडायला हवं. बाजूची पत्र्याची पट्टी तुम्ही स्वतः काढू शकता. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरागरा फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसवलाय त्याच्या मागच्या बाजूला वायरी दाबून बसवलेल्या असतात, तिथे नक्की बघा, ती त्यांची आवडती जागा.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. घरची वीज २३० व्होल्ट असली तरी त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ती सव्वातीनशेच्या आसपास डीसी होऊन साठते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. त्याच्या जाळीतून झुरळं आत-बाहेर करताना दिसली तर माझ्यासारख्या कुणाकडे द्या. एका मशीनमध्ये एसएमपीएसमध्ये पाल शिरून जळालेली मी पाहिलीय, तिच्यासोबत मदरबोर्डही गेला होता.

---

निळीशाई | पुढच्या आठवड्यातला शनिवार, सायंकाळी ५:३०

सगळ्यांना काय झालं ते सांगायला आले.

गुरुवारी दोघे जण आले, हातात पंप. मी दारातच सांगितलं की मधल्या खोलीत फक्त जेल. मोठे होते ते जरा कुरकुरले, म्हणाले त्याचे पैसे वेगळे. चारशे रुपये जास्त दिले. धाकटा मुलगा मात्र मनापासून काम करत होता. टेबल उलटं करून त्याने प्रत्येक सांध्यात ठिपका लावला, आणि ड्रॉवरच्या मागून वायरीच्या खाचेत बघून म्हणाला, "काकू, इथंच आहेत बघा." मोरीत आणि मागच्या अंगणात त्यांनी फवारणी केली. तोवर मशीन, चादर आणि प्लॅस्टिकसह, माडीवर होतं. शेवटी मी झाकण्याऐवजी उचलूनच नेलं, फवारणी_कराड दादांचं वाचल्यावर तेच बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी अंगणात कॅबिनेट उघडलं. मागच्या पत्र्याच्या आत, वायरींच्या जुडग्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या तपकिरी पिशव्या. मोजल्या, नऊ. काही रिकाम्या, काही भरलेल्या. तीस-चाळीसने गुणलं आणि अंगावर काटा आला. ब्रशने काढून कागदात गुंडाळून जाळल्या. प्रिंटरमध्ये एक सापडली, तीही काढली.

टेबलाखाली एक चिकट सापळाही ठेवलाय, मोजायला. पहिल्या रात्री तेवीस. काल रात्री चार. कीबोर्ड झटकला, काही पडलं नाही.

एका गोष्टीत चुकले. मंगळवारी कामवाल्या मावशींनी सवयीने टेबलाखाली फिनेलचं पोतेरं फिरवलं. मी त्यांना सांगायला विसरले होते. पुढच्या फेरीत ते ठिपके पुन्हा लावायला लागतील.

---

फवारणी_कराड | शनिवार, रात्री ८:१५

पुढच्या फेरीपर्यंत थांबू नका, पुसले गेलेले ठिपके याच आठवड्यात लावून घ्या. आत्ता जी पिल्लं बाहेर येताहेत त्यांना खायला काहीतरी हवं. जेलची सिरिंज कीटकनाशकांच्या दुकानात मिळते, तुम्ही स्वतः लावू शकता, हातमोजे घालून. सापळा तिथेच राहू द्या आणि आकडा लिहून ठेवा. आणि मावशींनाही नीट समजावून सांगा, त्यांचेच हात त्या जागी जास्त जातात.

---

निळीशाई | शनिवार, रात्री ८:४०

उद्या सकाळी मारुती चौकातून आणते. मावशींना सांगितलं, त्या त्यांच्या घरीही लावणार आहेत, म्हणून दोन सिरिंज आणते.